घर सांभाळणारीच्या नावावर काय असते?

नवऱ्याने कमवावे आणि बायकोने घर सांभाळावे, ही रीत आजच्या काळात चालते का, असा प्रश्न आजच्या व्याख्यानासाठी माझ्यासमोर ठेवण्यात आला आहे. गेली बरीच वर्षे मी कौटुंबिक समुपदेशनाचे काम करते आहे, आणि या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देणाऱ्या कोणाशीच माझे पटत नाही. घर सांभाळण्यात आनंद मानणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत, त्यांचे संसार सुखाचे झालेलेही पाहिले आहेत. पण ज्या संसारांची घडी मोडली, तिथे जवळजवळ प्रत्येक वेळी एकच गोष्ट समोर आली, ती म्हणजे आयुष्यभर राबलेल्या बाईच्या स्वतःच्या नावावर काहीही नव्हते.

एक प्रसंग सांगते. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई सव्वीस वर्षांच्या संसारानंतर वेगळ्या होत होत्या. येताना त्यांनी कापडी पिशवीत हिशेबाच्या वह्या आणल्या होत्या, दर वर्षाची एक. मी त्यातली एक उघडली. डाव्या बाजूला तारीख, उजवीकडे रक्कम, महिन्याअखेर पेन्सिलीने मारलेली बरोबरची खूण. आणि मध्येच समासात सासूबाईंच्या रक्तातील साखरेचे आकडे, मुलाच्या लसीची पुढची तारीख, कोणते औषध जेवणाआधी आणि कोणते नंतर याची नोंद. आम्ही एक अर्ज भरत होतो. 'व्यवसाय' या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. "इथे काय लिहू? मी तर काहीच करत नव्हते," असे त्या अगदी सहज म्हणाल्या. सव्वीस वह्या टेबलावर होत्या, आणि त्या वाक्याने मला झालेला त्रास अजून गेलेला नाही.

ज्या रीतीला आपण 'पारंपरिक' म्हणतो, तिचे वयही एकदा तपासून पाहिले पाहिजे. कारखाने येण्यापूर्वी घर हेच उत्पादनाचे ठिकाण होते. सूतकताई, विणकाम, शेती, दुभती जनावरे ही कामे नवरा-बायको दोघेही घरातून आणि घराभोवतीच करत असत, त्यामुळे कमावणारा कोण आणि खाणारा कोण अशी फोड करण्याचे कारणच नव्हते. काम घराबाहेर गेले, मजुरी रोख मिळू लागली, आणि मग घरात उरलेल्या कामाला मोल उरले नाही. एका पुरुषाच्या मजुरीत सगळे घर चालावे हा विचार पुढे मागणी म्हणून आला, आणि काही ठिकाणी न्यायालयांनी तो उचलूनही धरला. ऑस्ट्रेलियात १९०७ साली न्यायमूर्ती हेन्री हिगिन्स यांनी एका निवाड्यात अकुशल कामगाराची रोजची मजुरी सात शिलिंग ठरवली, आणि ती ठरवताना पुरुष, त्याची बायको आणि सुमारे तीन मुले यांचा साधा पण माणसासारखा निर्वाह डोळ्यांसमोर ठेवला. त्या काळाच्या मानाने हा निवाडा उदार होता, हे मी मोकळेपणाने मान्य करते. मात्र त्याच विचाराची दुसरी बाजू अशी की, बाईवर कोणी अवलंबून नसते असे गृहीत धरले गेले, आणि १९१९ पासून तेथे स्त्रियांचा मूळ वेतनदर पुरुषांच्या सुमारे ५४ टक्के ठेवण्यात आला. विधवा, परित्यक्ता, अविवाहित बहीण, आजारी नवऱ्याची बायको या सगळ्यांनी घर कमी मजुरीत चालवायचे, कारण कागदावर त्यांना पोसणारा कोणीतरी होता. घरी राहणाऱ्या बायकोच्या सुखाची किंमत अशी दुसऱ्या बायकांनी मोजली आहे.

गौरव आणि हक्क यांत किती अंतर असते, हे आयर्लंडच्या उदाहरणावरून कळते. त्या देशाच्या १९३७ च्या राज्यघटनेत असे कलम आहे की, स्त्री घरातील आपल्या आयुष्याने राज्याला जो आधार देते त्याशिवाय सर्वांचे हित साधता येणार नाही. याहून मोठा सन्मान गृहिणीला कोणत्या देशाने दिला असेल, असे वाटावे. पण तिथेच सरकारी नोकरीतील स्त्रीला लग्न होताच नोकरी सोडावी लागत असे, आणि हा नियम १९७३ साली उठला. पुढे आयुष्य घरात घालवलेल्या एका पत्नीने याच कलमाच्या आधारे राहत्या घरात वाटा मागितला. खालच्या न्यायालयाने तो दिलाही, परंतु नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने या कलमातून मालकीचा हक्क निघत नाही असे ठरवून तो काढून घेतला. २०२४ च्या मार्चमध्ये या कलमाच्या जागी नवे कलम आणण्याचा प्रस्ताव सार्वमतात मोठ्या फरकाने पडला, त्यामुळे ते शब्द घटनेत आजही आहेत. घरातील बाईला लक्ष्मी, अन्नपूर्णा म्हणणाऱ्या आपण सर्वांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

यंत्रांनी घरकाम हलके केले, आता घरी बसून करायचे काय, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो खरा नाही. जोआन व्हॅनेक या संशोधिकेने १९७४ साली अमेरिकेतील आकडे मांडले, तेव्हा नोकरी न करणाऱ्या गृहिणीचे घरकाम १९२० च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास होते, तर १९६० च्या दशकात ५५ तास. कपडे धुणे सोपे झाले तसे ते वारंवार धुतले जाऊ लागले, मुलांना ने-आण करणे वाढले. शिवाय नोकरी करणाऱ्या बाईचे घरकाम संपते असेही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातील बिनपगारी देखभालीच्या कामापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक काम स्त्रिया करतात.

मग ही रीत आज चालेल कशी? पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत कायदाच सांगत होता की घर चालवणे बायकोकडे, आणि लग्न-कुटुंबाच्या कर्तव्यांना बाध येणार नसेल तरच तिने नोकरी करावी. त्या वर्षीच्या सुधारणेने हे कलम काढले, आणि त्याच सुधारणेत असाही नियम आला की घटस्फोटाच्या वेळी संसाराच्या काळात दोघांनी मिळवलेले निवृत्तिवेतनाचे हक्क दोघांत सारखे वाटले जावेत. इंग्लंडमध्ये २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, मालमत्तेच्या वाटणीत कमावणारा आणि घर सांभाळणारी यांच्यात भेदभाव करता येणार नाही, असे स्पष्ट केले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ च्या जानेवारीत, अपघाताच्या भरपाईसाठी गृहिणीच्या कामाचे उत्पन्न धरलेच पाहिजे, असे सांगितले. यात मला एक गोष्ट मात्र खुपते. हे मोल बहुतेक वेळा संसार मोडल्यावर किंवा बाई गेल्यावर ठरते. संसार चांगला चालू असताना त्याची आठवण कोणाला होत नाही, आणि तेव्हा विषय काढला तर तो अविश्वास समजला जातो.

हा अविश्वास नाही. मृत्यू, आजारपण, नोकरी जाणे या गोष्टी विश्वासातल्या माणसांवरही येतात, आणि एका पगारावरचे घर त्या धक्क्याने दुप्पट हादरते. घरी राहण्याचा निर्णय दोघांचा असेल, तर त्याची जोखीम एकटीने का घ्यावी?

मागे एक तरुण जोडपे लग्नापूर्वीच मला भेटायला आले होते. मूल झाल्यावर पाच-सहा वर्षे घरी राहायची तिची इच्छा होती, आणि त्यालाही ते मनापासून हवे होते. मी त्यांच्यापुढे एक कोरा कागद ठेवला आणि ठरले ते लिहून काढा म्हटले. घराच्या कागदांवर दोघांची नावे, तिच्या निवृत्तीच्या खात्यात त्याच्या पगारातून दरमहा भरणा, खर्चाचे पैसे तिला मागावे लागू नयेत म्हणून दोघांचे खाते, आणि आपल्या कामाशी तिचा संबंध तुटू नये म्हणून वर्षातून एक अभ्यासक्रम, असे एकेक ते लिहीत गेले. शेवटी त्याने लिहिले, "ती पुन्हा कामाला लागेल त्या वर्षी मी अर्धा दिवस घरी." तिने ती ओळ वाचली आणि म्हणाली, "अर्धा दिवस म्हणजे किती वाजल्यापासून, तेही लिही." त्याने थोडा विचार केला आणि त्यापुढे वेळ लिहिली.