वोटानचा निरोप: तीन ध्वनिमुद्रणं

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या संगीताविषयी बोलणार आहे, त्याचा पहिला सूर इतका खर्जातला आहे की छोट्या रेडिओवर तो नीट ऐकूही येणार नाही. डबल बास एकच सूर धरून ठेवतात. मग आठ हॉर्न एकामागून एक त्यात मिसळतात आणि चारेक मिनिटांत ऱ्हाईन नदी भरून वाहू लागते. जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नरच्या 'रिंग' या ऑपेरामालिकेची ही सुरुवात. तिच्यातल्या एका निरोपाच्या तीन ध्वनिमुद्रणांविषयी आज बोलू. चार ऑपेरा, मिळून सुमारे पंधरा तास. ऑगस्ट १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइट गावी, खास याच कामासाठी बांधलेल्या नाट्यगृहात, सलग चारही ऑपेरा पहिल्यांदा झाले. तिथं वाद्यवृंद रंगमंचाखाली झाकलेला असतो. वाजवणारे दिसायचे नाहीत, फक्त ऐकू यायचे. रेडिओ ऐकणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

जुन्या ७८च्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-पाच मिनिटं मावायची, त्यामुळे कितीतरी वर्षं या कलाकृतीचे तुकडेच लोकांना मिळत होते. लाँग प्ले तबकडी आली आणि वाट मोकळी झाली. १९५८ ते १९६५ या काळात डेका कंपनीनं व्हिएन्नात जॉर्ज सोल्टी यांच्या संचालनाखाली संपूर्ण 'रिंग' स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली. निर्माते होते जॉन कल्शॉ. रंगमंचावर जे दिसतं ते कानांना दिसलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. पहिल्या ऑपेरात देव जमिनीखाली बुटक्या लोहारांच्या राज्यात उतरतात, तिथं वाग्नरनं अठरा ऐरणी लिहिल्या आहेत. नाट्यगृहात बहुतेक वेळा कशावर तरी भागवून नेतात. कल्शॉंनी खरोखरच्या अठरा ऐरणी आणवल्या. वाद्यवृंद हळूहळू थांबतो, मागे उरतात फक्त ठोके, आणि वाटतं, आपण भट्टीच्या दारात उभे आहोत.

त्याच ध्वनिमुद्रणात, एकेकाळी ब्रुनहिल्डची, म्हणजे देवराजाच्या लेकीची, भूमिका गाजवलेल्या गायिका किर्स्टन फ्लॅगस्टॅड कारकिर्दीच्या अखेरीस त्याच्या बायकोची, फ्रिकाची, भूमिका गातात. नवी ब्रुनहिल्ड आहे बिर्गिट निल्सन. तिच्या वरच्या सुरांना पोलादाची धार आहे.

पण माझं मन अडकतं ते दुसऱ्या ऑपेराच्या, 'वाल्कीरी'च्या शेवटी. देवांचा राजा वोटान याच्या मनातलं ओळखून लाडक्या लेकीनं, ब्रुनहिल्डनं, त्याचाच हुकूम मोडलाय. शिक्षा त्यानंच द्यायची आहे. तो तिच्या डोळ्यांविषयी गातो, ते डोळे चुंबून मिटतो आणि तिला झोपवतो. सोल्टींकडे हे गातात हान्स हॉटर. १९६५ साली ते छप्पन्न वर्षांचे होते. लांबवलेल्या सुरात कंप जाणवतो, श्वास पुरवावा लागतो. ज्यांना निर्दोष गळा हवा त्यांना हे खटकतं. मला त्यात थकलेला बाप ऐकू येतो.

हेच हॉटर दहा वर्षांपूर्वी कसे गात होते, तेही आज ऐकता येतं. १९५५ साली बायरॉइटला योझेफ कायलबर्थ यांच्या संचालनाखाली झालेली 'रिंग' डेकानं स्टीरिओत टिपली होती. ती तबकड्यांवर यायला २००६ साल उजाडलं. पन्नास वर्षं त्या फिती कपाटात पडून होत्या! तिथला गळा भरदार, दाणेदार आहे, आणि तरीही अतिशय हळुवार.

तिसरं ध्वनिमुद्रण तर रेडिओचंच. १९५३ मध्ये रोमला इटालियन रेडिओसाठी विल्हेल्म फुर्टव्हेंगलर यांनी 'रिंग' सादर केली. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. एका दिवशी एकच अंक, त्यामुळे गायक ताजेतवाने. आवाज एकेरी, स्टीरिओ नाही, वादक या संगीताला सरावलेले नाहीत, हॉर्न मधूनच चुकतात. पण फुर्टव्हेंगलर एका सुरातून दुसऱ्या सुरात असे जातात की कुठं सांधा सापडत नाही. पुढच्याच वर्षी ते गेले. एकच 'रिंग' जवळ ठेवा म्हणालात, तर मी रोमचीच ठेवीन.

आज मात्र आपण १९५५चे हॉटर ऐकणार आहोत. गाणं संपत आलं की वोटान अग्निदेव लोगेला हाक मारून भाला खडकावर तीनदा आपटतो. तिसऱ्या ठोक्यानंतर ज्वाळा उठतात, आधी तंतुवाद्यांत आणि मग सगळीकडे. आवाज थोडा वाढवा.