लव्हाळ्याची शाळा
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : हिरवा उतार, दगडी गडगे, मेंढ्या]

उत्तर इंग्लंडमधला लेक डिस्ट्रिक्ट. मे महिन्यातली सकाळ. आजूबाजूच्या गावांतल्या शाळा आत्ता भरल्या असतील. ही नऊ वर्षांची मुलगी मात्र गडग्याला टेकून बसली आहे. मांडीवर वही, शेजारी रंगांची छोटी डबी आणि जॅमच्या बाटलीत पाणी.

ती कोकराचं चित्र काढते आहे. चित्रातलं कोकरू पांढरं आहे, कारण गोष्टींच्या पुस्तकांत कोकरू पांढरंच असतं.

[दृश्य : कोकरू, जवळून]

आणि हे समोरचं कोकरू. काळं कुळकुळीत. ही हर्डविक जातीची मेंढरं, याच डोंगरांवरची. पिल्लू काळं जन्मतं, वर्षभरात तपकिरी होतं आणि वय वाढेल तसं करडं होत जातं.

आई मागेच बसली आहे, पण काही बोलत नाही. मुलगी एकदा वर बघते, पुन्हा बघते, मग पान उलटून नवं कोकरू काढायला घेते. या वेळी काळं. खाली तारीख, आणि मराठीत दोन ओळी : ‘तोंडपण काळं. कानांची टोकं पांढरी.’

या आईला आम्ही नंतर विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही? ती म्हणाली, “मी सांगितलं असतं तर ते माझं कोकरू झालं असतं.”

[दृश्य : नदीकाठची वाट, चौघं चालताना]

मूळचं हे कुटुंब वसईचं. नाव-गाव सांगू नका, अशी त्यांची विनंती होती. वडील इथल्या एका इस्पितळात काम करतात. रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, चुकत नाही, आणि मुलांशी बोलणं मराठीतच. दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत. इंग्लंडच्या कायद्याला ते चालतं. 1996 च्या शिक्षण कायद्याचं सातवं कलम आईवडिलांवर जबाबदारी टाकतं, ती मुलाला वयाला आणि वकुबाला साजेसं पूर्णवेळ शिक्षण मिळेल हे पाहण्याची. ते शाळेत मिळावं किंवा अन्य मार्गानं.

हा अन्य मार्ग या कुटुंबानं शोधला तो इथून हाकेच्या अंतरावर, अँबलसाइड गावात.

[दृश्य : अँबलसाइड, टेकडावरचं पांढरं घर]

हे स्केल हाउ. आज हा कुंब्रिया विद्यापीठाच्या आवाराचा भाग आहे. 1892 च्या जानेवारीत अँबलसाइडमध्ये अवघ्या चार विद्यार्थिनी घेऊन एक शिक्षिका-विद्यालय सुरू झालं, ते पुढे या घरात आलं. चालवणाऱ्या बाईंचं नाव शार्लट मेसन. जन्म 1842. लग्न केलं नाही, प्रकृती तोळामासा, आणि हयातभर एकच ध्यास : मूल.

त्या काळी मुलाकडे रिकामं भांडं म्हणून बघत. त्यात काय ओतायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. मेसनबाईंचं पहिलं तत्त्वच असं, की मूल जन्मतःच पूर्ण व्यक्ती असतं. 1886 मध्ये त्यांची घरच्या शिक्षणावरची व्याख्यानं पुस्तकरूपानं निघाली. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्डमध्ये पालकांचा संघ उभा राहिला. 1891 मध्ये बाई अँबलसाइडला आल्या आणि कायमच्या इथल्या झाल्या.

त्यांचं म्हणणं ऐकायला सोपं वाटतं. सहा वर्षांपर्यंत पाटी-पुस्तकाचा धडा नको. एप्रिल ते ऑक्टोबर, हवा बरी असेल त्या प्रत्येक दिवशी, मूल चार ते सहा तास घराबाहेर हवं. पुढे धडे सुरू झाले तरी लहानांसाठी एकेक पंधरा-वीस मिनिटांचाच, आणि तेवढ्या वेळात लक्ष पूर्ण. पुस्तकं अशा लेखकांची, ज्यांनी त्या विषयावर जीव लावला आहे. उतारा एकदाच वाचायचा, आणि मग मुलानं तो आपल्या शब्दांत सांगायचा. प्रश्न नाहीत, गाळलेल्या जागा नाहीत. ऐकायचं आणि सांगायचं.

आपल्याकडे कीर्तन ऐकून आलेली आजी घरी ओट्यावर बसून ते अख्खं सांगायची, ते हेच.

[दृश्य : आर्मिट संग्रहालय, हातमोजे घातलेले हात, उघडलेली वही]

हे अँबलसाइडचंच आर्मिट संग्रहालय. मेसनबाईंच्या संस्थेची कागदपत्रं इथे जपली आहेत, आणि त्यांत या निसर्गवह्या. पानं पिवळी पडली आहेत, रंग अजून ओले वाटतात. एक फांदी, एक पीस, एक कवक. चित्र देखणं यावं असा हट्ट नव्हता, पाहिलेलं उतरावं एवढाच होता. पेन्सिलीची रेघ न मारता कुंचल्यात अगदी थोडं पाणी घेऊन थेट रंगानं काढायची त्यांची पद्धत. त्यानं हात सावकाश चालतो, आणि हात सावकाश चालला की डोळा थांबतो.

याच इमारतीत मुलांच्या गोष्टींच्या लेखिका-चित्रकार बिअॅट्रिक्स पॉटर यांनी रंगवलेली अळंबीची चित्रं आहेत. त्याही शाळेत गेल्या नव्हत्या, घरीच शिकल्या.

[दृश्य : टपालपेटी, टेकड्या, जुनी छायाचित्रं]

अँबलसाइडहून दर सत्राचा अभ्यासक्रम टपालानं घरोघरी जायचा. परदेशी राहणाऱ्या ब्रिटिश कुटुंबांतही जायचा. सत्राच्या शेवटी मुलांनी सांगितलेली, लिहिलेली उत्तरं परत इथे यायची. आणि हे बड्या घरांपुरतंच राहिलं नाही. 1914 मध्ये यॉर्कशायरमधल्या ड्रिगलिंग्टन या खाणगावाच्या शाळेत हीच पद्धत सुरू झाली. खाणकामगारांची मुलं तीच पुस्तकं वाचून तसंच सांगू लागली. माझ्या मते बाईंच्या कामातलं सगळ्यांत मोलाचं पान हेच.

1923 मध्ये मेसनबाई गेल्या. सेंट मेरी चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे. पुढे अनेक दशकं त्यांची पुस्तकं मागे पडली होती. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या घरशिक्षण घेणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती पुन्हा उघडली, आणि 1989 मध्ये बाईंच्या शिक्षणविषयक लेखनाचे सहाही खंड नव्यानं छापले गेले. वसईच्या या आईच्या हाती पडली ती त्याच पुस्तकांची जुनी प्रत.

[दृश्य : स्वयंपाकघर, भिंतीवरची तसबीर]

सकाळचे आठ. आधी प्रार्थना, मग बायबलमधला एक उतारा. धाकटा सहा वर्षांचा आहे, तो सांगतो : वादळात येशू होडीत झोपला होता, “उशीवर”. उशी त्याच्या बरोबर लक्षात राहिली. त्यावर आई तात्पर्य जोडत नाही.

भिंतीवरचं हे चित्र फ्लोरेन्समधल्या सांता मारिया नोव्हेला चर्चच्या भित्तिचित्राचं. चौदाव्या शतकातलं. खालच्या रांगेत विद्या बसल्या आहेत : व्याकरण, भूमिती, अंकगणित, संगीत. मेसनबाईंना या चित्रात आपल्या शिक्षणाचा पाया दिसला. गणित असो की व्याकरण, मुलाचा खरा गुरू पवित्र आत्मा. म्हणून रविवारचा देव आणि सोमवारची बेरीज अशी वाटणी त्यांनी कधी केली नाही. मे महिन्यातलं ते कोकरू या घरात विज्ञानही असतं आणि प्रार्थनाही.

[दृश्य : थोरलीची वही, पानं उलटताना]

रॉबिन. डॅफोडिल. नेच्याचं गुंडाळलेलं पान. आणि मध्येच हा मोर! लेक डिस्ट्रिक्टमध्ये मोर कुठून? तो आला फादर स्टीफन्सकडून. त्यांचं 1616 चं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण आई थोडं थोडं वाचून दाखवते. फुलांत मोगरी, पक्ष्यांत मयूर, तशी भाषांमध्ये मराठी, असं म्हणणारा तो माणूस जन्मानं इंग्रज. चारशे वर्षांपूर्वी एक इंग्रज गोव्यात येऊन मराठी ओवी लिहितो, आणि आज वसईची मुलगी इंग्लंडात बसून ती ऐकते. या पानावर आमचा कॅमेरा बराच वेळ थांबला.

[दृश्य : चर्चचा हॉल, बूट-रेनकोटांची रास]

दर गुरुवारी काही कुटुंबं या हॉलमध्ये जमतात. कॅथलिक, मेथडिस्ट, अँग्लिकन. कुणाची आई फ्रेंच शिकवते, कुणाचे आजोबा सुतारकाम. घरशिक्षण म्हणजे चार भिंतींत एकटं मूल, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा गलका ऐकावा. मोठी मुलं लहानांना बूट घालून देतात, आणि सगळी वरात ओढ्याकडे निघते.

अडचणी आहेतच : आईनं नोकरी सोडली, सोळाव्या वर्षीच्या परीक्षांना मुलांना बाहेरून, स्वतः शुल्क भरून बसावं लागेल, आणि भारतात परतलं तर मुक्त विद्यालयाची वाट धरावी लागेल.

[दृश्य : ओढा, पाणथळ जागा, लव्हाळे]

स्केल हाउच्या विद्यार्थिनींच्या नियतकालिकाचं नाव होतं ‘लुमिले पियांता’, इटालियनमध्ये ‘विनम्र रोप’. इटालियन कवी दान्तेच्या काव्यात, मेलेल्यांचे आत्मे जिथे शुद्ध होतात त्या शुद्धिस्थानाच्या किनाऱ्यावर लव्हाळा उगवतो, कारण लाटांच्या माऱ्यात वाकणारं तेवढंच झाड तिथे टिकतं. आईनं हे वाचलं तेव्हा ती हसली. तुकोबांचा अभंग पाठ असणाऱ्या घरात महापुराची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही.

[दृश्य : जुलै, अँबलसाइडच्या रस्त्यावर मिरवणूक]

आणि हा जुलैमधला शनिवार. पूर्वी चर्चमध्ये मातीची जमीन असायची. वर्षातून एकदा गावकरी लव्हाळे कापून आणत आणि ते खाली पसरत. जमिनीवर फरशी आली तरी प्रथा राहिली. मुलं लव्हाळ्याचे आणि फुलांचे क्रूस घेऊन गावभर फिरतात आणि सेंट मेरी चर्चमध्ये येतात. चर्चच्या भिंतीवर 1944 चं हे मोठं चित्र आहे, याच मिरवणुकीचं. या चित्राखाली आमची गुरुवारची मुलं उभी आहेत. धाकट्याच्या हातातला क्रूस त्याच्यापेक्षा उंच आहे.

[दृश्य : संध्याकाळ, पायरीवर धाकटा, मोबाइल]

मिरवणूक संपली आहे. धाकट्यानं एक लव्हाळा मागे ठेवला होता. नखानं हिरवी साल सोलतो आहे, अगदी हळू. आतून पांढरा, मऊ गर निघतो, लांबच लांब, वातीसारखा. पूर्वी इथली माणसं तो मेंढीच्या चरबीत बुडवून दिवा लावायची.

मोबाइलवर वसईची आजी.

“आजी, हे बघ. आत कापूस आहे. पण कापूस नाही. दाबलं की परत वर येतं.”

“त्याला वास येतो का रे?”

तो थांबतो. लव्हाळा नाकाशी नेतो. डोळे मिटतो.

“येतो. थांब, सांगतो.”