थप्पीच्या पोटात काय आहे?

श्रोतेहो, नमस्कार. आज मला सीए झालेल्या आणि होऊ घातलेल्या मुलामुलींशी बोलायचंय. त्यांच्या आईवडिलांनीही ऐकावं. कारण 'आमचा मुलगा बिग फोरमध्ये लागलाय, आता परदेशी बदली होईलच' हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत फार वेळा ऐकलंय.

बदली होत नसते. बदली बँकेत होते, एसटीत होते. बिग फोर म्हणजे हिशेब तपासणाऱ्या, ऑडिट करणाऱ्या चार बड्या फर्म. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी. यांची पाटी जगभर एक, पण देशोदेशीची फर्म निराळी, भागीदार निराळे, नफा-तोटा निराळा. पुण्याच्या साहेबांनी नुसती सही केली म्हणून कुणी लंडनला जात नाही. 'हा माणूस आम्हाला द्या' असं तिकडच्या फर्मनं म्हणावं लागतं. पुन्हा सांगतो, मागणी तिकडून यावी लागते.

पूर्वी या फर्म पाच होत्या बरं का. पाचवी आर्थर अँडरसन, एन्रॉनची ऑडिटर. एन्रॉन म्हणजे आपली दाभोळच्या वीज प्रकल्पवालीच. तिच्या हिशेबांच्या घोटाळ्यापायी 2002 साली अँडरसन कोसळली. तेव्हा नावाला भुलू नये.

तर, मागणी येते कशी? युरोपात बऱ्याच कंपन्यांचं वर्ष 31 डिसेंबरला संपतं, आपलं 31 मार्चला. म्हणजे जानेवारी ते मार्च तिकडं झुंबड, आणि आपल्याकडं त्या मानानं उसंत. तेवढ्यापुरती माणसं उसनी मागवतात. मी असाच नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला गेलो, तीन महिन्यांच्या बोलीवर. साल 2008. आणि पहिलंच काम मिळालं 31 डिसेंबरचं. शीतगृहातला माल मोजायचा.

माल कुठला, तर गोठवलेले बटाट्याचे काप. आत उणे वीस अंश. बॉलपेननं दोन ओळी लिहिल्या आणि शाई गोठली. गोदामाचे म्हातारे मुकादम हसले आणि त्यांनी कानावरची पेन्सिल काढून दिली. ते कागदावर पाच-पाच काड्यांचे जुडगे काढून मोजत. त्याला डच भाषेत 'तुर्व्हन' म्हणतात, पूर्वी सरपण म्हणून जाळायच्या पीट-मातीच्या विटा मोजत त्यावरून. मी बोटांच्या पेरांवर मोजत होतो. दोघांचा आकडा जुळला, कागदाशीही जुळला. 240 पॅलेट, म्हणजे माल रचलेल्या लाकडी चौकटी. बाहेर सगळ्यांना घाई, कारण वर्षाच्या शेवटच्या दिवशी तिथं घरोघरी तळलेले गोड गोळे खातात आणि त्याचा वास पार दारापर्यंत येत होता.

आता माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडते. लहानपणापासून एकच ऐकलेलं, "थप्पी बाहेरनं मोजायची नसती. वर चढायचं." समोर दहा पोती, बाजूला आठ, उंचीला सहा, केला गुणाकार, असं नाही. थप्पीच्या पोटात काय आहे ते बघायचं. मी मुकादमांना म्हटलं, मला वरून बघायचंय. ते माझ्याकडं बघतच राहिले. मग शिडी आणली. चढलो, टॉर्च मारला. मधे विहीर! अठरा पॅलेट नव्हती.

चोरी नव्हती हो. सकाळीच ट्रक भरून गेले होते, बिलंही फाडली होती, फक्त गोदामाच्या वहीत नोंद राहिली होती. पण विक्री यंदाच्या हिशेबात आणि मालही यंदाच्या हिशेबात, म्हणजे नफा फुगला की नाही? आमच्या धंद्यात याला कट-ऑफची चूक म्हणतात. अमेरिकेत 1938 साली मॅक्केसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचं प्रकरण उघडकीला आलं, त्यात तर सुमारे एक कोटी डॉलरचा माल नुसता कागदावर होता. त्यानंतर तिकडं ऑडिटरनं स्वतः गोदामात जाऊन मोजणी बघायचा नियम झाला. म्हणजे हे बाबांना ठाऊक होतं, अमेरिकेला ठेच लागल्यावर कळलं.

व्हिसा, टॅक्स, घरभाडं हे तुम्हाला एचआरवाले सांगतील. एवढंच म्हणतो, परदेशी टीमबरोबरचं काम पुण्यात बसूनही मिळतं, ते मागून घ्या. कंटाळवाणं असलं तरी घ्या. काम बघितलेल्या माणसालाच मागणी येते. आणि मागणी, मघाशी म्हटलं तसं, तिकडून यावी लागते.

माझी मार्चमध्ये आली. पुण्याच्या ऑफिसला मेल, दोन वर्षांसाठी, माझं नाव घालून. त्यात कारण लिहिलं होतं, 'शिडी मागणारा'. रात्री वडिलांना फोन केला, सगळं सांगितलं. पलीकडं बराच वेळ शांतता. मला वाटलं, गहिवरले.

मग म्हणाले, "तिथं बटाटा काय भाव?"

नमस्कार.