गांडुळांच्या नावाखाली

[दृश्य: बोटीतून दिसणारं बेट]

जपानच्या सेतो समुद्रातलं हे तेशिमा बेट. पर्यटक इथे येतात ते कलासंग्रहालय बघायला. आपण मात्र दुसऱ्याच भिंतीसमोर उभे आहोत. तिच्यावर कचऱ्याच्या डोंगराचा एक उभा काप आहे, जागेवरून सोलून आणून जपलेला.

या थरांत मोटारगाड्या आहेत.

गाडी भंगारात निघाली की आधी बॅटरी, टायर, इंजिन, चालतील ते पार्ट काढून घेतात. सांगाडा जातो श्रेडरमध्ये, म्हणजे त्याचे तुकडे करणाऱ्या यंत्रात. तिथं लोखंड चुंबकाला चिकटतं, ॲल्युमिनियम आणि तांबंही वेगळं होतं. खाली उरतो तो भुसा: सीटचा स्पंज, प्लॅस्टिक, रबर, काचेचा चुरा, वायरचे तुकडे, सगळं तेलकट, त्यात शिसंही. याला म्हणतात श्रेडर डस्ट. गाडीच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा.

आता हा माल म्हणायचा की कचरा? आपल्या रद्दीवाल्याचंच घ्या ना. तो पैसे मोजतो तोवर रद्दी हा माल. न्यायला तोच पैसे मागू लागला, की कचरा.

तेशिमात नेमकी इथेच मेख मारली गेली. 1978 मध्ये एका कंपनीनं परवाना मिळवला गांडूळपालनाचा आणि बेटावर उतरवला श्रेडर डस्ट. कागदावर तो टनाला 300 येन देऊन विकत घेतलेला. देणाऱ्याकडून वाहतूक खर्च म्हणून घेतलेली रक्कम त्याच्या कितीतरी पट! शेंबड्या पोरालाही कळावा असा हिशेब. बेट ज्या कागावा प्रांतात येतं, तिथल्या प्रशासनानं मात्र तो माल म्हणून मान्य केला. मग औद्योगिक कचऱ्याचे नियम लागणार कशाला? ढीग उघड्यावर पेटत राहिले, धूर वस्तीत शिरत राहिला.

[दृश्य: जुनी छायाचित्रं]

नोव्हेंबर 1990 मध्ये धाड पडली, तीही पलीकडच्या ह्योगो प्रांताच्या पोलिसांची. भरपाई नको, कचरा उचला, म्हणून बेटावरचे लोक झगडत राहिले. 6 जून 2000 ला तडजोड झाली, कागावाच्या राज्यपालांनी माफी मागितली.

2003 पासून बोटी उलट्या दिशेनं निघाल्या. शेजारच्या नाओशिमा बेटावर भट्टीत कचरा वितळवायचा, निघालेली मळी (स्लॅग) काँक्रीटमध्ये वापरायची. मधल्या काळात कायदाही आला. 2005 पासून जपानमध्ये नवी गाडी घेतानाच ती मोडण्याचे पैसे भरावे लागतात. एअरबॅग, एसीचा गॅस आणि श्रेडर डस्ट, तिन्ही गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या गळ्यात.

तेशिमाची शेवटची मोठी खेप मार्च 2017 मध्ये गेली. एकूण 9 लाख टनांहून जास्त. जमिनीखालचं पाणी साफ करणं त्यानंतरही चालूच राहिलं.