३०० मोठं की ७५?

श्रोतेहो, नमस्कार.

तळपायांची आग, मुंग्या, रात्री पांघरुणाचा स्पर्शसुद्धा नकोसा होणं. जुन्या मधुमेहींना हे वर्णन ऐकवायची गरज नाही. नागीण बरी झाली, पण ठणका तसाच राहिला, अशांनाही नाही. इथे नेहमीची पेनकिलर फारशी चालत नाही, कारण दुखावलेली असते ती नसच. मग डॉक्टर दोनांपैकी एक औषध लिहून देतात: गाबापेंटिन किंवा प्रीगाबालिन.

आणि घोळ सुरू होतो. शेजारच्या काकूंच्या गाबापेंटिनच्या पाकिटावर ३०० मिलिग्रॅम असतं, आपल्या प्रीगाबालिनच्या पाकिटावर ७५. "मला पावच डोस दिला की हो!" अशी तक्रार मी कितीदा ऐकली असेल! अहो, आकडे असे शेजारी ठेवून मोजायचे नसतात. ढोबळ हिशेबाने गाबापेंटिनच्या ३००ला प्रीगाबालिनचे ५० पुरतात. म्हणजे तुमचं ७५ काकूंपेक्षा वरचढच.

असं का? दोन्ही औषधं एकाच घराण्यातली. दोन्ही नसेच्या पेशीवर, कॅल्शियम आत शिरण्याच्या वाटेवर एकाच जागी चिकटतात आणि खवळलेल्या नसेची ओरड कमी करतात. गाबापेंटिन थोरलं, अमेरिकेत १९९३ साली त्याला मान्यता मिळाली ती फिट्सवरचं औषध म्हणून. प्रीगाबालिन आलं २००४ मध्ये. फरक आहे तो आतड्यात. गाबापेंटिनला रक्तात जायला जणू होडी लागते, आणि होड्या मोजक्याच. दिवसाला ९०० मिलिग्रॅम घेतलं तर सुमारे ६० टक्के पलीकडे पोचतं. ३६०० घेतलं तर जेमतेम ३३ टक्के. बाकीचं काठावरच. म्हणून ते दिवसातून तीनदा, विभागून देतात. प्रीगाबालिन ९० टक्क्यांच्या वर शोषलं जातं, बहुधा दोनदा पुरतं. अ‍ॅसिडिटीचं पांढरं औषध घेत असाल तर त्यानंतर दोन तास गाबापेंटिन घेऊ नका, नाहीतर ते आणखी कमी शोषलं जातं.

गुण येण्यात मला दोघांत फार डावंउजवं दिसत नाही. त्रासही सारखेच: गुंगी, चक्कर, पायांवर सूज, वाढतं वजन. रात्री लघवीला उठणाऱ्या आजोबांना जपा, चक्कर येऊन तोल जायचा. दोन्ही औषधं मूत्रपिंडातून बाहेर जातात, तेव्हा क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायलाच हवा. झोपेची गोळी, ट्रॅमाडॉलसारखी कडक पेनकिलर किंवा दारू सोबत असेल तर श्वास मंदावू शकतो; लपवू नका.

आणखी एक, खास आपल्याकडचं. ही औषधं पुष्कळदा मिथाइलकोबालामिनबरोबर, म्हणजे बी-१२ व्हिटॅमिनबरोबर, एकाच गोळीत येतात. त्यामुळे घरात तिचं नाव पडतं "नसांची व्हिटॅमिनची गोळी". व्हिटॅमिनच तर आहे, म्हणून लोक पाकीट संपलं की एकदम बंद करतात, आणि चार दिवसांनी घाम, मळमळ, झोप उडालेली अशा अवस्थेत दवाखान्यात येतात. ही गोळी थांबवायची तर डॉक्टरांना विचारून, निदान आठवडाभर हळूहळू कमी करत.

नमस्कार.