फक्त डावीकडे वळणारी सेकंडहँड गाडी

(दृश्य: ट्रेलरवरून गाडी खाली येतेय. तिघं मागून ढकलतायत, एक जण खिडकीतून हात घालून स्टेअरिंग धरून चालतोय.)

ढकलूनच उतरवावी लागणार, कारण हिला इंजिनच नाहीये. गिअरबॉक्स पण नाही. अशा गाडीला इकडे रोलर म्हणतात आणि सेकंडहँड रेसकार घ्यायचा सगळ्यात स्वस्त मार्ग हाच, विकणाऱ्याने इंजिन काढून दुसऱ्या गाडीत टाकलेलं असतं आणि उरलेला सांगाडा त्याच्या परसात गवतात पडून असतो. कागदोपत्री ही 1980 च्या दशकातली शेवरोले माँटे कार्लो. पण मूळची म्हणावी तर खालची फ्रेम, पुढचं सस्पेन्शन आणि छताचा पत्रा एवढंच शिल्लक आहे. काचा नाहीत, हेडलाइट नाहीत, दारं उघडतच नाहीत, आत एक अ‍ॅल्युमिनियमची सीट आणि तिच्याभोवती पाइपांचा पिंजरा.

आपण आहोत नॉर्थ कॅरोलायनात, शार्लट शहराच्या उत्तरेला. शार्लटमध्ये बँकांच्या आयटीत आपली मराठी मंडळी भरपूर, मीही त्यातलाच, आणि ही गाडी उतरतेय ती माझ्या शेजाऱ्यांच्या दारात. बापलेक आहेत. वडील फोर्कलिफ्ट दुरुस्तीचं काम करतात, मुलगा विशीतला, आणि त्याला रेसिंग करायचंय. टीव्हीवर दिसतं ते कोट्यवधी डॉलरवालं नाही हां, शनिवारी रात्री गावच्या ओव्हल ट्रॅकवर जे चालतं ते.

असे छोटे ट्रॅक अमेरिकेत गावोगाव आहेत. पाव मैलाचे, अर्ध्या मैलाचे, काही डांबराचे, काही मातीचे. इथून तासाभरावर हिकोरीचा ट्रॅक आहे, 1951 पासूनचा. विन्स्टन-सेलमला बोमन ग्रे स्टेडियम, तिथे तर फुटबॉलच्या मैदानाभोवतीच पाव मैलाचा ट्रॅक आहे आणि नॅस्कार या अमेरिकेतल्या मोठ्या रेसिंग संघटनेच्या शर्यती 1949 पासून चालू आहेत. सगळीकडे फिरायचं डावीकडेच, आणि हे एकदा डोक्यात बसलं की या गाडीतल्या अर्ध्या विचित्र गोष्टींचा उलगडा होतो.

(दृश्य: समोरून गाडी. पुढची दोन्ही चाकं तिरकी दिसतायत.)

हे बघा. उजवं पुढचं चाक वरून आत झुकलंय, डावं वरून बाहेर. रस्त्यावरच्या गाडीचं असं झालं असतं तर अलाइनमेंटवाल्याने डोक्याला हात लावला असता. इथे मात्र मुद्दाम केलंय, वळणात गाडी उजवीकडे कलते आणि कलल्यावर दोन्ही टायर जमिनीवर सपाट बसावेत म्हणून. उभ्या गाडीत वाकडं दिसलं तर धावताना सरळ होतं.

आता अडचण अशी की सेकंडहँड गाडीत वाकडं तर बरंच काही असतं, त्यातलं मुद्दाम केलेलं कुठलं आणि भिंतीवर आपटून झालेलं कुठलं हे कोणी लिहून देत नाही.

विकणारा म्हणाला होता गाडी फक्त डांबरावर धावलीये. पहिल्याच दिवशी प्रेशर वॉशर लावला तर फ्रेमच्या पोकळीतून लाल माती बाहेर यायला लागली, आधी चिखल, मग सुकलेली ढेकळं, इकडची ती प्रसिद्ध लाल चिकणमाती. वडील हसले फक्त. म्हणाले, ‘बरं झालं, आता निदान कळलं की याच्या कुठल्याच शब्दावर जायचं नाही, सगळं आपणच मोजायचं.’ मातीच्या ट्रॅकची गाडी आणि डांबराची गाडी यांचे स्प्रिंग वेगळे, शॉकअप वेगळे, मागच्या अ‍ॅक्सलची बसवणूक वेगळी. म्हणजे आधीचं सेटिंग जसंच्या तसं वापरायचा प्रश्नच मिटला.

मुलाला अर्थातच घाई इंजिनची. सगळ्यांनाच असते. यूट्यूबवर पण तेच, गाडी आणली, इंजिन टाकलं, मोठा आवाज काढला, व्हिडिओ संपला. वडिलांनी सांगून टाकलं की इंजिन शेवटी, आणि मला विचाराल तर या गॅरेजमधला सगळ्यात शहाणा निर्णय तोच होता.

(दृश्य: गॅरेजची फरशी, खडूच्या खुणा, ओळंबा.)

फ्रेम सरळ आहे का हे बघायला काही लेझर वगैरे लागत नाही. ओळंबा, खडू आणि टेप. गाडी चार स्टँडवर उचलायची, फ्रेमच्या डाव्या-उजव्या सारख्या जागांवरून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूने फुली मारायची आणि मग फुल्यांमधली तिरकी मापं घ्यायची, कर्णाची. दोन्ही कर्ण सारखे तर चौकट शाबूत. इथे पुढच्या भागात कर्णात साधारण अर्ध्या इंचाचा फरक निघाला, म्हणजे कधीतरी उजवीकडून पुढे जोरात बसलेली आहे. अर्धा इंच म्हणजे काही गाडी भंगारात काढायची गरज नाही, कंट्रोल आर्मच्या, म्हणजे चाक फ्रेमला जोडणाऱ्या दांड्याच्या, बसवणुकीत हा फरक भरून काढता येतो. पण हे माहीतच नसतं तर सगळा सीझन गाडी अशी का पळते म्हणून डोकं खाजवत बसले असते.

या फ्रेमला इकडे सगळे मेट्रिक म्हणतात. जनरल मोटर्सने 1978 ते 1988 या काळात माँटे कार्लो, ग्रँड प्री, कटलस, रीगल अशा बऱ्याच गाड्यांना ही दिली, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 108 इंच, आणि भंगारवाल्यांकडे ती इतकी वर्षं स्वस्तात मिळत गेली की गावच्या ट्रॅकवरचा स्ट्रीट स्टॉक नावाचा अख्खा वर्गच जवळपास तिच्यावर उभा राहिला. हिची दुखणी पण सगळ्यांना पाठ आहेत. मागचे वरचे दोन आर्म तिरके असतात, ते जिथे फ्रेमला जोडलेत तिथे चिरा जातात. वायर ब्रश मारून, रंग काढून, टॉर्च लावून बघायचं. निघाली चीर. ग्राइंडरने उघडी केली, परत वेल्ड केली, वर एक पट्टी.

मग बोल्ट. हा शॉट जरा जवळून घेतलाय.

(दृश्य: तळहातावर दोन बोल्ट.)

डावीकडच्या बोल्टच्या डोक्यावर सहा रेघा दिसतायत? तो ग्रेड 8, रेसकारच्या सस्पेन्शनला असाच पाहिजे. तीन रेघा असत्या तर ग्रेड 5, त्याहून कमी ताकदीचा. आणि हा उजवीकडचा, याच्या डोक्यावर काहीच नाही, गुळगुळीत, म्हणजे बागेतल्या बाकड्याला लावायच्या लायकीचा, आणि तो निघाला कुठून तर खालच्या कंट्रोल आर्ममधून. कोणीतरी ट्रॅकवर घाईत हाताला लागेल तो ठोकला असणार आणि नंतर विसरून गेला. त्या संध्याकाळी बापलेकांनी गाडीचा एकूण एक बोल्ट काढून बघितला.

सीटबेल्टची गोष्ट याहून गंभीर. दिसायला एकदम चांगले, जाड, काळे, कुठे फाटलेले नाहीत. पण लेबल बघितलं तर तारीख कधीच उलटून गेलेली. एसएफआय नावाची संस्था रेसिंगच्या सुरक्षेच्या सामानाचे मापदंड ठरवते, तिच्या हिशोबाने बेल्टचं आयुष्य दोन वर्षं. उन्हाने आणि घामाने धागा आतून कमजोर होतो आणि वरून काही कळत नाही. खिडकीच्या जाळीचंही तसंच. मुलगा म्हणाला, ‘डॅड, ट्रॅकवर कोणी एवढं बारीक बघत नाही.’ वडिलांनी उत्तर दिलं नाही, कात्री आणली आणि बेल्ट मधून कापले, परत कोणी वापरायलाच नकोत. या भागात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. डेल अर्नहार्ट, नॅस्कारचा सात वेळचा चॅम्पियन, इथल्याच कॅनापोलिसचा, 18 फेब्रुवारी 2001 ला फ्लोरिडात डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या लॅपमध्ये भिंतीवर गेला आणि संपला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅस्कारने डोकं-मान धरून ठेवणारं उपकरण सक्तीचं केलं. मुलाच्या हेल्मेटला ते लावायचं ठरलंय, आणि पैशाचा पहिला मोठा खर्च तोच झाला, इंजिनच्या आधी.

पिंजऱ्यात ड्रायव्हरच्या दाराकडचे पाइप सरळ होते, ते कापून बाहेरच्या बाजूला फुगीर वाकवलेले टाकले, बाजूने कोणी धडकलं तर माणसापर्यंत पोचायच्या आधी थोडी जागा मिळावी म्हणून. पाइप पावणेदोन इंची, भिंतीची जाडी 0.095 इंच, म्हणजे साधारण 2.4 मिलिमीटर. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर सोडली आणि पेट्रोलची टाकी गॅरेजच्या बाहेर नेऊन ठेवली.

(दृश्य: टायरला टेप गुंडाळून घेर मोजतायत.)

आता माझा सगळ्यात आवडता भाग. मागचे दोन टायर सारखे दिसतात ना? नाहीयेत. उजव्याचा घेर मोठा आहे. याला स्टॅगर म्हणतात. या गाडीत मागची दोन्ही चाकं एकमेकांना जखडलेली असतात, डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, लॉक करून टाकलेलं, त्यामुळे दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं, आणि डावीकडच्या वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. मग काय करणार, बाहेरचं चाकच मोठं घ्यायचं. चहाचा कागदी कप आडवा करून ढकला, तो आपोआप गोल फिरतो, तसंच हे.

किती मोठं, तर त्याचा सरळ हिशोब आहे. चाकांमधली रुंदी गुणिले टायरचा घेर, भागिले वळणाची त्रिज्या. रुंदी 65 इंच, घेर 86 इंच, वळण 200 फुटी त्रिज्येचं म्हणजे 2400 इंच, तर उत्तर येतं साधारण 2.3 इंच. ट्रॅक छोटा झाला, त्रिज्या कमी झाली की आकडा वाढतो. आणि टायरमधली हवा वाढवली-कमी केली तरी घेर बदलतो, म्हणून हवा भरून परत टेप.

हे स्टॅगर पहिल्यांदा वापरण्याचं श्रेय बरेच जण राल्फ अर्नहार्टला देतात, म्हणजे डेलच्या वडिलांना. कॅनापोलिस हे तेव्हा टॉवेल-चादरी बनवणाऱ्या गिरणीचं गाव, राल्फ आधी त्या गिरणीत कामाला, मग नोकरी सोडून पूर्ण वेळ रेसिंग. गाड्या बांधायचे घराच्या मागच्या गॅरेजमध्ये. 1956 ला स्पोर्ट्समन वर्गाचे राष्ट्रीय विजेते. या भागात घरामागच्या शेडमध्ये वेल्डिंगचा उजेड दिसला तर शेजारी तक्रार करत नाहीत, डोकवायला येतात. मी तसाच आलो होतो.

(दृश्य: चार चाकांखाली चार वजनकाटे. एका काट्याखाली फरशीच्या पातळ टाइल्स.)

घरच्या गॅरेजची जमीन कधी सपाट नसते, दाराकडे उतार असतोच. म्हणून काट्यांखाली पातळ टाइल्स घालत घालत, गवंडी वापरतो तशी पाण्याची पारदर्शक नळी धरून लेव्हल काढली. काटे उसने आणलेले. मुलगा हेल्मेटसकट सीटवर बसला, कारण त्याचं वजन पण गाडीचंच वजन. आकडे आले: पुढचं डावं 870 पौंड, पुढचं उजवं 720, मागचं डावं 810, मागचं उजवं 600. एकूण 3000 बरोबर. डावी बाजू 56 टक्के. आणि पुढचं उजवं अधिक मागचं डावं, म्हणजे तिरकं वजन, 1530, ते झालं 51 टक्के.

गाडी कशी चालणार ते हा तिरका आकडा बराचसा ठरवतो. तो वाढला की गाडी वळायला नाखूष होते, नाक भिंतीकडे जातं. कमी झाला की शेपूट सुटतं. स्प्रिंगच्या डोक्यावर एक मोठा बोल्ट असतो, तो पाना लावून फिरवला की तो कोपरा उचलला जातो आणि वजन तिरकं सरकतं. गंमत अशी की एका कोपऱ्याला हात लावला तरी चारही काट्यांवरचे आकडे हलतात. मुलगा पहिल्यांदा हे बघत होता तेव्हा इंजिनचं नाव तासभर तरी निघालं नाही.

फ्रेममध्ये जुन्या मालकाचं शिसं पण सापडलं, वजन पुरं करायला लावलेलं. ते काढून, पांढरा रंग मारून, वर गाडीचा नंबर घालून डाव्या बाजूला खाली बोल्टने परत बसवलं. पांढरं अशासाठी की ट्रॅकवर तुटून पडलं तर दिसावं, आणि नंबर अशासाठी की कोणाचं ते कळावं.

आणि इंजिन? ते वजन करायच्या थोडं आधी आलं होतं एकदाचं. जनरल मोटर्सचं 602 क्रेट, म्हणजे कारखान्यातून तयार जोडून पेटीत येणारं, 350 क्युबिक इंचाचं, कंपनीच्या आकड्याप्रमाणे साधारण 350 हॉर्सपॉवर, तेही सेकंडहँड. हे सीलबंद येतं, खास बोल्ट असतात, उघडलं की कळतं. म्हणजे श्रीमंताचं आणि गरिबाचं इंजिन एकच, निदान नियमाप्रमाणे तरी! सिलिंडरमधून हवा किती गळते ते तपासलं, ठीक निघालं, बसवलं. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी, कूलंट नाही, कारण ते डांबरावर सांडलं तर मागून येणाऱ्या सगळ्यांची घसरगुंडी, बऱ्याच ट्रॅकवर त्याला बंदीच असते.

(दृश्य: प्रॅक्टिसचा दिवस. गाडी पिटमध्ये येते, वडील टायरमध्ये सुई खुपसून तापमान घेतायत.)

पहिल्या काही लॅपनंतर मुलगा म्हणाला गाडी वळतच नाही. वडिलांनी ऐकून घेतलं आणि टायरला विचारलं. उजव्या पुढच्या टायरचं तापमान तीन ठिकाणी घ्यायचं, आत, मध्ये, बाहेर. बाहेरची कड सगळ्यात गरम निघाली, म्हणजे वळणात टायर त्या कडेवरच उभा राहतोय, चाक अजून थोडं आत झुकवायला पाहिजे. वरच्या आर्मच्या शिम, म्हणजे मधे घालायच्या पातळ चकत्या, बदलल्या, तिरकं वजन बोल्टच्या अर्ध्या फेऱ्याने कमी केलं, दोन्ही गोष्टी एकदम नाही, एक करून परत लॅप, मग दुसरी. वहीत दोन्ही लिहिल्या, तारीख आणि हवेचं तापमान घालून. जुन्या मालकाने अशी वही दिली असती तर फ्रेममधली माती धुवायच्या आधीच निम्मं काम झालं असतं.

शनिवारी नवखा म्हणून सुरुवात सगळ्यात मागून होणार आहे. मुलाचं म्हणणं, तेच बरं, पुढच्यांच्या गाड्या कशा वळतात ते बघता येईल. वडील पाना घेऊन परत एकदा चाकांचे नट तपासतायत.