३५ दिवसांत न्यायालयाला नेमकं काय विचारायचं?

समजा, ऑस्ट्रेलियात प्रोटेक्शन व्हिसाचा, म्हणजे मायदेशातल्या छळाच्या भीतीने आश्रय मागणाऱ्यांच्या व्हिसाचा अर्ज आधी गृह खात्याचा अधिकारी फेटाळतो आणि मग फेरविचार करणारं ट्रिब्युनलही (न्यायाधिकरण) तो नकार कायम ठेवतं. १४ ऑक्टोबर २०२४ पासून हे फेरविचाराचं काम अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनलकडे आहे. तिथपर्यंत मुख्य प्रश्न असतो तो हा, की या माणसाला मायदेशी पाठवलं तर त्याचा छळ होण्याची खरीखुरी शक्यता आहे का. त्यापुढच्या पायरीवर, म्हणजे फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टाच्या दुसऱ्या विभागात, प्रश्नच बदलतो. ट्रिब्युनलने निर्णय कायद्यानुसार घेतला का, एवढंच तिथे तपासतात. न्यायाधीशांना अर्जदाराची हकिगत पटली, तरी निव्वळ तेवढ्यावरून ते निकाल फिरवू शकत नाहीत, आणि व्हिसा तर देऊच शकत नाहीत. अर्जदाराला मदत करणाऱ्याने हे त्याला पहिल्या भेटीतच सांगायला हवं. खोटी आशा लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मुदत ३५ दिवसांची. ती निर्णयाच्या तारखेपासून मोजतात, पत्र हातात पडलं त्या दिवसापासून नव्हे. इथेच पुष्कळांची गफलत होते. उशीर झालाच तर मुदतवाढीचा लेखी अर्ज करता येतो. पण त्यात उशिराचं कारण द्यावं लागतं, शिवाय मूळ मुद्द्यात दम आहे हेही दाखवावं लागतं. मुदतवाढ नाकारली गेली, तर त्या नकारावर नेहमीसारखं अपील नाही. आणखी एक: कोर्टात अर्ज दाखल केला म्हणून ब्रिजिंग व्हिसा, म्हणजे प्रकरण चालू असताना देशात कायदेशीर राहता येण्यासाठीचा तात्पुरता व्हिसा, आपोआप मिळत नाही. त्याची वेगळी चौकशी त्याच आठवड्यात करा.

आता अर्जातल्या मुद्द्यांकडे येऊ, कारण बहुतेक प्रकरणं इथेच पडतात. "ट्रिब्युनलने माझ्यावर विश्वास ठेवला नाही" हा मुद्दा होत नाही, ती तक्रार झाली. निकालपत्र परिच्छेदवार वाचा. शेजारी अर्जदाराचं लेखी निवेदन ठेवा आणि त्यातल्या एकेका दाव्यासमोर निकालपत्रातला परिच्छेद क्रमांक लिहा. समजा, निवेदनाच्या १४व्या परिच्छेदात जमिनीचा वाद आणि पक्षकार्यामुळे आलेल्या धमक्या, असे दोन दावे आहेत. निकालपत्रात २२ ते ३१ या परिच्छेदांत चर्चा फक्त जमिनीची. धमक्यांसमोरची जागा कोरी राहिली, तर मुद्दा सापडला: स्पष्टपणे मांडलेला दावा विचारातच घेतला नाही. अर्जात तो याच शब्दांत, दोन्हीकडचे परिच्छेद क्रमांक देऊन लिहा.

कायद्याची कसोटी चुकीची लावणं हाही असाच दोष. २००३ साली हायकोर्टाने (ऑस्ट्रेलियात हेच सर्वोच्च न्यायालय) बांगलादेशातल्या दोन समलिंगी पुरुषांच्या प्रकरणात ट्रिब्युनलचा निर्णय सदोष ठरवला. ते दोघे आपलं नातं लपवून राहतील, म्हणून धोका नाही, असं ट्रिब्युनल धरून चाललं होतं. ते तसे लपून का राहतील, छळाच्या भीतीनेच का, हे विचारलंच नव्हतं.

दुभाष्याची चूक असेल तर नुसतं म्हणून भागत नाही. सुनावणीचं ध्वनिमुद्रण मागवा, वादातला भाग स्वतंत्र अनुवादकाकडून उतरवून घ्या आणि प्रतिज्ञापत्रासोबत जोडा. चूक सापडली तरी ती निर्णयावर परिणाम करणारी हवी. ती झाली नसती तर निकाल वेगळा लागण्याची वास्तव शक्यता होती का, हे कोर्ट पाहतं. २०२४च्या एलपीडीटी (हे अर्जदाराचं सांकेतिक नाव) प्रकरणात हायकोर्टाने ही पायरी फार उंच नसल्याचं स्पष्ट केलं. तरीही दुभाष्याने तारीख चुकवली, पण ट्रिब्युनलने त्या तारखेवर काहीच बेतलं नाही, तर उपयोग शून्य.

हरल्यास प्रतिवादी असलेल्या मंत्र्यांच्या बाजूचा खर्च अर्जदारावर बसू शकतो, हेही आधी सांगा. जिंकल्यास निर्णय रद्द होऊन प्रकरण फेरविचारासाठी ट्रिब्युनलकडे परत जातं. कोर्ट सहसा बघत नाही ते नवे पुरावे, म्हणजे मायदेशातून नंतर आलेलं समन्स किंवा नातेवाइकांचं पत्र, तिथे देता येतात. म्हणून खटला चालू असतानाही कागद जमवत राहा, आणि प्रत्येक कागद आधी का दिला नव्हता याचं पटेल असं कारण त्याच्यासोबतच लिहून ठेवा.